टोमॅटोवर हात बसवणारे सर

टोमॅटोवर डोळ्याचं ऑपरेशन करणारा सर्जन अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि ते म्हणजे आमचे सर. मोतीबिंदू काढताना डोळ्यातल्या भिंगावरचा पातळ पापुद्रा गोल फाडावा लागतो. हात चुकला की डोळ्यावर बेततं. मेडिकल कॉलेजात आम्हा शिकणाऱ्यांना सर हे आधी टोमॅटोच्या सालीवर करायला लावत. पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापायचा, त्यात मुलांची खेळायची माती भरायची, वर साल ताणून बसवायची, झाला डोळा. बघायला घड्याळजीचं भिंग. शहागंजच्या भाजीबाजारात सर एकेक टोमॅटो उजेडात धरून चाचपत बसत. एकदा भाजीवाला वैतागला. "डॉक्टरसाब, सालन बनाना है या आप्रेशन करना है?" "आप्रेशन," सर गंभीरपणे म्हणाले आणि चार मऊ टोमॅटो परत ठेवले. आमच्या नेत्रविभागभर आंबूस वास असे, आणि त्यांच्या घरी रोज टोमॅटोची चटणी. माझ्या साली दोन महिने नुसत्या फाटत होत्या. मी रडकुंडीला आले तेव्हा सर म्हणाले, "रड की. टोमॅटोचे नातेवाईक बाहेर बाकावर बसलेले नाहीत."

हा नाद कुठून लागला, ते त्यांनी एकदाच सांगितलं. शिकत असताना दौलताबादजवळच्या शिबिरात त्यांनी पहिलं ऑपरेशन केलं ते एका सीताफळं विकणाऱ्या म्हाताऱ्याचं. पापुद्रा फाटत कडेला गेला, आणि पुढं तो डोळाही गेला. म्हाताराच त्यांची समजूत घालत होता, "साहेब, तुमी लई मन लावून केलं व्हतं. नशिबातच नाय, तर तुमी काय करनार?"

"शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो," सर म्हणाले.

मग सरावासाठी महागडं परदेशी यंत्र आलं. नवे विभागप्रमुख म्हणाले, "इथं भाजीमंडई नको," आणि सरांचे सगळे चेंडू कचऱ्यात गेले. निवृत्तीला आलेले सर भांडले नाहीत. कचऱ्यातून चेंडू निवडायला गेले, तर शिपायानं हटकलं. यंत्र वर्षभरात बंद पडलं. दुरुस्तीचा अर्ज कुठल्या टेबलावर पडलाय, कुणालाच ठाऊक नाही. पोरं पुन्हा माणसांवरच शिकतात. शिबिरात येणाऱ्या, कधी कुरकुर न करणाऱ्या माणसांवर. मी तोवर त्याच विभागात शिकवायला लागले होते; टोमॅटो परत आणा म्हणून प्रमुखांना दोनदा लिहिलं आणि गप्प बसले. मला बढती हवी होती. ती मिळालीही.

गेल्या महिन्यात सरांकडे गेले होते. आता त्यांचे हात थरथरतात. कप बशीवर वाजत होता.

"पोरं सध्या कशावर शिकतात गं?"

"यंत्रावर, सर."

"नीट चालतंय ना?"

"हो."

"मग बरं झालं," ते म्हणाले, आणि चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही.

खाली येऊन वर पाहिलं तर सर गॅलरीत उभे होते. हात हलवून निरोप देत होते की हात नुसताच थरथरत होता, खालून कळत नव्हतं.