दिव्याच्या बटणावरचा पंखा

अख्ख्या पुण्यात वीज समजलेला माणूस एकच, बाकीचे नुसती बिलं भरतात, असं माझ्या सासऱ्यांचं ठाम मत आहे. त्यांच्याकडे माझ्या लग्नाआधीपासूनची एक जुनी गाडी होती. पाणी तापलं की तिच्या रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू व्हायला हवा. तो मनात आलं तरच फिरे. मेकॅनिकचं नावही काढायची सोय नव्हती. "तिची प्रकृती परक्याला काय कळणार?" म्हणत सासरे लेकराचा ताप बघावा तसा बॉनेटवर तळवा ठेवत. फ्यूज बदलले, रिले बदलला, वायरी सोलून पुन्हा गुंडाळल्या. पंखा ढिम्म. भर मे महिन्यात लोणी काळभोरला लग्नाला निघालो, तर इंजिनाची उष्णता बाहेर काढायची म्हणून त्यांनी गाडीतला हीटर लावला. मांडवात लोक नवरदेवाला सोडून आम्हाला वारा घालत होते. तिथेच सासूबाईंनी निकाल दिला, "अहो, आता एकदा जरी ही रस्त्यात उकळली, तर धायरीचं गिऱ्हाईक तयार आहे."

सासऱ्यांनी मग पंख्याची वायर थेट हेडलाइटच्या बटणावर घेतली. दिवे लावले की पंखा फिरणार. इलाज अचूक होता, त्यात फक्त पुणेकर धरलेले नव्हते. दिवसा दिवे लावलेली गाडी दिसली की समोरचा प्रत्येकजण पंजाची उघडझाप करून खुणावणार, आणि सासरे गाडी थांबवून प्रत्येकाला समजावणार, "अहो, दिवा नाही, मुळात तो पंखा आहे." एका गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग रात्री काय, स्वेटर घालता गाडीला?"

मी अबोल माणूस. चारचौघांनी आपल्याकडे बघितलेलं मला सोसत नाही. नारायण पेठेत सासरे असेच एका रिक्षावाल्याला समजवायला उतरले होते, मी पुढच्या सीटवर, सासूबाई मागे. तेवढ्यात एका आजींनी काचेवर टकटक केलं. "बॅटरी फुकट मिळते का हो?" माझा हात आपसूक बटणाकडे गेला. दिवे बंद. सासरे परतले ते रिक्षावाल्याला कसं पटवलं ते सांगतच. पुढच्याच चौकात बॉनेटमधून वाफेचा लोट. सासूबाईंनी फक्त पर्समधून फोन काढला.

गाडी गेली. त्यानंतर सासरे ताटात पोळीचे तुकडे मांडून वायरिंग तपासायचे. "ही बॅटरी, हे बटण, हा पंखा... मग चुकलं कुठे, जावईबापू?" मी पाणी आणायच्या निमित्ताने उठत असे. परवा अखेर बोलून टाकलं, "दिवे मी बंद केले होते."

मी मान खाली घातली.

"म्हणजे वायरिंग बरोबर होतं?"

"हो."

"अगं, ऐकलंस का? बरोबर होतं!" ते उष्ट्या हातानेच उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. "पहिल्यापासून बरोबर होतं!"

ते परत येऊन बसले. बटणाचा तुकडा उचलून त्यांनी आमटीत बुडवला, पण तोंडापर्यंत नेला नाही.

"धायरीतही लोक खुणावणारच," ते हळूच म्हणाले. "त्या माणसाला काय ठाऊक? तो बंद करील हो दिवे."