व्याह्यानं पोचवलेला कूलर

माझ्या व्याह्यानं मला फसवलं. कूलरच्या दुकानदाराचा यात किती हात होता ते मला माहीत नाही, पण फसवलं ते माझ्या लेकीच्या सासऱ्यानं. गोष्ट जुनी झाली म्हणून ती मिटली असं कुणी समजू नये.

परभणीच्या बाजारात माझं विड्याच्या पानांचं ठोक दुकान होतं. सुरुवात सायकलवर झाली. कॅरियरला ओल्या गोणपाटात बांधलेली करंडी, आणि आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. वडिलांनी मागं काही ठेवलं नव्हतं. जे उभं केलं ते जिभेवर केलं. भाव पाडण्यात माझं नाव होतं. मी पायरी चढलो की कापडवाला गडी पाठवून आधी पाणी मागवायचा, स्वतःसाठी. राग मात्र माझा नाकावर. दोनदा भाव सांगितलेला माणूस तिसऱ्यांदा खोटं बोलला तर मी अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल असा बोलायचो. असा माणूस सौद्यात एकदाच गप्प बसला, आणि तेव्हाच बुडाला.

लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. उन्हाळ्याचे दिवस. माझं घर पैसा येईल तसं बांधलेलं: पुढं स्लॅब, मागच्या खोलीवर पत्रे. पुढं पानांच्या करंड्या आणि माणसांची ये-जा, म्हणून बाळंतिणीची खाट मागं टाकली. नात झाली, दवाखान्यातून घरी आली, आणि परभणीच्या उन्हानं त्या पत्र्याचा तवा केला. लेकराच्या मानेवर, पाठीवर घामोळ्याच घामोळ्या.

व्याही नात बघायला आले. गंगाखेड तालुक्यातले बागाईतदार, घरी जीप, बोलणं मधाळ. त्यांनी लेकराची पाठ बघितली, वर पत्र्याकडं बघितलं आणि म्हणाले, "इवाई, आमचं लेकरू भाजायलंय की हो इथं. गारव्याचं कायतरी बघा. न्हाईतर मी सुनेला घेऊन जातो. आमच्याकडं मातीचं माळवद हाय, लय थंडावा."

मधाळ शब्दांत काय गुंडाळलेलं होतं ते मला कळलं. पहिलं बाळंतपण माहेरचं. सव्वा महिना व्हायच्या आत लेक उचलून नेली, तर गल्लीत एकच अर्थ होतो: बापाला झेपलं नाही. ज्यानं सगळं आपल्या हातानं उभं केलं त्याला हे ऐकायचं! मी म्हणालो, "कूलर आणतो."

"आणतो काय, चला की. ओळखीचं दुकान हाय माझ्या."

मला वाटलं, ओळख आहे तर बरंच. दुकानात मी कूलर निवडायला घेतला तो पान निवडतात तसा. दुकानदार सगळ्यात मोठा पुढं ढकलत होता. मी म्हणालो, खोली केवढी, हा केवढा? लेकरू उडून जाईल. मधला धरला. तिन्ही बाजूंनी हवा घेणारा, खाली चाकं, म्हणजे बाळंतिणीचं झालं की पुढच्या खोलीत ओढता येईल. टाकीत हात घालून खोली बघितली. आमच्याकडं नळाचं काही खरं नसतं, उथळ टाकी दुपारीच कोरडी पडते. पंप चालू करून कान लावला. शेवटी पाणी झिरपतं त्या बाजूंच्या ताट्या बघितल्या. तिन्ही वाळ्याच्या. एक काडी उपसून दाताखाली धरली. मूळ होतं ते. चिवट, कडवट, वासाचं. अस्सल.

मग भावावर आलो. तोंड उघडलं तेवढ्यात व्याह्यांनी माझा हात धरला. "इवाई, सुनेच्या गारव्यासाठी घासाघीस करायलाव? माझ्या ओळखीच्या दुकानात?"

मुलीच्या बापानं व्याह्यादेखत भाव करायचा नसतो. असं कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानदार माझ्याकडं बघून हसला. ते हसू मी अजून विसरलो नाही. मागितले तेवढे दिले.

कूलर दुसऱ्या दिवशी घरी यायचा होता, आणि त्याच दिवसापासून विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून गाव बंद. हमाल नाही, हातगाडी नाही. व्याही म्हणाले, "तुमी काळजी करू नका, माझ्या पुतण्याचं घर दुकानाला लागूनच हाय. तिथं ठिवतो, बंद उठला की जीपनं पोचवतो." मी वर त्यांचे आभार मानले.

बंद उठला, कूलर आला. आला तेव्हा वाळ्याचा वास गल्लीभर. शेजारणी दारात येऊन उभ्या. व्याही स्वतः सोबत होते. त्यांनी तो खोलीच्या मधोमध ठेवायला लावला आणि बजावलं, "खिडकी-दारं गच लावा. गारवा बाहेर जायला नको, अन् बाळंतिणीला वारं लागायला नको." माझ्या बायकोला हे तर वेदवाक्यच. तिनं दाराच्या फटीतसुद्धा चिंध्या कोंबल्या.

पहिल्या दिवशी बरं वाटलं. मग खोली कोंदायला लागली. अंगावरचा घाम वाळेना, गादी चिकट, लंगोट दोरीवर टाकले तसे ओले. लेकराच्या घामोळ्या पाठीवरून पोटावर आल्या. लेक म्हणाली, "बाबा, बंद करा हे. नुसत्या पत्र्याखाली बरी होते मी."

हे बोलणं सासरी कसं पोचलं कोण जाणे. निरोप आला: सोमवारी जीप घेऊन येतो, सुनेचं बोचकं बांधून ठेवा.

मी खोलीत जाऊन कूलरपुढं बसलो. वास कुठं होता? वाळा तर दर पाण्याबरोबर जास्त दरवळतो. टाकीत बघितलं, पाणी चहासारखं तांबडं. ताटी उघडली. आत लाकडाचा कीस. चपट्या, कुरळ्या, रंग लावलेल्या सालपटी, रंग उडून पांढऱ्या पडलेल्या. वर अत्तर शिंपडून आणलेलं! तिन्ही ताट्या तशाच.

मी चप्पल घालायला लागलो. बायकोनं दार अडवलं. "कुठं निघालात?"

"इवायाच्या दारात. मधोमध उभा राहून विचारतो."

"आणि लेक कुठं नांदायची आहे? त्याच दारात ना? एक शब्द काढलात तर माझी शपथ."

मी चप्पल भिंतीवर फेकून मारली, पण शब्द काढला नाही. किसाची गोष्ट आम्हा दोघांतच राहिली. लेकीलासुद्धा सांगितली नाही.

पण सोमवार येणारच होता. त्या दुकानात वाळा मागितला तर व्याह्यांच्या कानी गेलं असतं, आणि दुसरीकडून मिळायला हैदराबादकडं माणूस पाठवावा लागला असता, तेवढा वेळ नव्हता. मग म्हटलं, असू दे कीस. मी जन्मभर काय केलं? परभणीच्या उन्हात पान हिरवं ठेवलं. पानाला ओल पाहिजे आणि वारंही पाहिजे. ओल दिली आणि करंडी गच्च बांधली, की सकाळी पान काळं. ही खोली म्हणजे गच्च बांधलेली करंडीच होती! कूलर आतलीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओली करत होता.

तो चाकांवर ओढून खिडकीबाहेर परसात नेला, बाहेर चौथरा करून तोंड खिडकीत बसवलं. आता कोरडी हवा बाहेरून घेणार, गार आत सोडणार. पण आत आलेली हवा जायची कुठून? समोरच्या भिंतीत वर एक झरोका होता, तो बायकोनं गोणपाटानं बुजवलेला. मी गोणपाट उपसला.

बायको कडाडली, "बाळंतिणीला वारं लागेल!"

"वारं वरून जाईल. खाट कोपऱ्यात घे. तुझी लेक पान आहे असं समज."

"माझी लेक पान? आणि तुम्ही काय, चुना?"

लेक खाटेवर हसून हसून पोट धरायला लागली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा हसली ती. खाट कोपऱ्यात सरकली.

कीस इतका दाबून भरला होता की हवा शिरायला जागा नव्हती. सगळा काढला, धुतला, कापसासारखा पिंजला आणि सारखा पसरून भरला. वरच्या नळीची भोकं किसाच्या भुग्यानं बुजली होती, ती दाभणानं मोकळी केली, म्हणजे पाणी तिन्ही ताट्यांवर सारखं उतरेल. पश्चिमेच्या उन्हाला तुराट्यांचा आडोसा उभा केला आणि पत्र्यावरही तुराट्या अंथरल्या. आणि घरात कायदा केला: आधी पंप, ताट्या भिजल्या की मग पंखा. शेजारी सांगायचे बर्फ टाका. मी म्हटलं, बर्फाचे लाड नवरदेवाला करा. गारवा बर्फात नाही, कोरड्या हवेत आहे. दिवस मावळला की पंप बंद, नुसता पंखा चालवून ताट्या सुकवायच्या, म्हणजे कुबट वास धरत नाही.

सोमवारपर्यंत लेकराच्या घामोळ्या सुकून गेल्या होत्या.

व्याही आले ते भर दुपारी, घामानं निथळत. दारातूनच म्हणाले, "बांधलं का बोचकं?" मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. लेक दोहर अंगावर ओढून झोपलेली, नात तिच्या कुशीत. पत्र्याखाली, त्या उन्हात, दोहर! व्याही भिंतीला टेकून बसले. टोपी काढली. मग हळूच आडवे झाले. मग घोरायला लागले.

चहाला उठवलं तेव्हा अर्धवट झोपेतच होते. कूलरकडं बघत म्हणाले, "इवाई, मानलं तुमाला. किसावर एवढा गारवा काढला?"

मी बशी खाली ठेवली. "कशावर?"

व्याही आता पुरते जागे झाले. बायकोनं पदर तोंडात धरला.

"न्हाई, म्हंजी... ते वाळा म्हणायचं हुतं."

"वाळाच म्हणायचं होतं तुम्हाला," मी म्हणालो. आवाज चढवला नाही. शपथ होती. पण आता भाव करायची पाळी माझी होती, आणि या खोलीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. "बरं, लेकीचं कसं करायचं?"

"राहू द्या की सव्वा महिना."

"ऊन फार आहे हो. वाटेत लेकराला बाधेल."

"मग मिरग निघंपर्यंत राहू द्या."

"मिरगात चिखल असतो."

व्याह्यांनी टोपी घातली. "तुमी सांगा इवाई, तुमी म्हणाल तवा."

उभ्या आयुष्यात एवढा चोख सौदा मी केला नाही. लेक पोळ्यापर्यंत माहेरी राहिली. गल्लीतल्या बायका दुपारी परात घेऊन त्या खोलीत गहू निवडायला यायच्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात चार घरांचे कूलर खोलीतून उठून खिडकीबाहेर गेले. दाभण माझ्याकडूनच न्यायचे.

लेक सासरी गेली आणि तिनं पहिल्याच भेटीत सहज सांगितलं की मामंजींच्या बैठकीच्या दाराला वाळ्याचे पडदे आहेत, तीन, आणि त्यावर पाणी मारलं की छान वास सुटतो. मी ऐकून घेतलं. तिच्या संसारासाठी ऐकून घेतलं. बारशी, जावळं, लग्नं झाली, दर वेळी मी नुसता उन्हाळ्याचा विषय काढला की व्याही म्हणायचे, "इवाई, जेवण कसं झालं?" जेवण चांगलंच असायचं.

आता नातीचंही लग्न झालं. लेकीचा संसार माझ्या एका शब्दानं हलेल असं राहिलेलं नाही, आणि बायकोनंही शपथ सोडवली आहे. म्हणून लिहितो. इवाई, तुमचे डोळे अजून चांगले आहेत, हे तुम्ही वाचाल. पैसे नकोत मला, पडदे तर कधीच कुजले असतील. बंदच्या त्या दिवसांत पुतण्याच्या घरात माझ्या ताट्या कुणी उघडल्या, आणि लेकराच्या पाठीवर घामोळ्या बघून आलेल्या आजोबाचा हात तेव्हा कसा धजला, एवढं सांगा. आणि जेवणाचं विचारू नका. आधी उत्तर द्या.