सकाळी सहा ते सात

पार्सलच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईला सगळी टपाल कचेरी पाठीमागे ‘सुई’ म्हणते. समोर मॅडम म्हणते, कारण पार्सलच्या पावतीवर तिचीच सही लागते. नावं ठेवणाऱ्यांतल्या निम्म्यांनी एकेकाळी तिच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतले होते. आता ते फोटो कुणाच्याच टेबलावर दिसत नाहीत.

ही बाई बेचाळीस किलोमीटर धावायची. चौदाव्या वर्षी एका सरांनी तिला शाळेच्या मैदानावर हेरलं. सर स्वतः जन्मात चारशे मीटरपलीकडे धावले नव्हते. गळ्यात शिट्टी, खिशात दोन फोन आणि जिभेवर साखर, एवढ्या भांडवलावर त्यांचं झकास चाललं होतं. पोरगी मात्र खरंच धावायची. सव्विसाव्या वर्षापर्यंत जे जिंकली ते स्वतःच्या दमावर. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीही त्यावरच लागली. मग शर्यतीतली वेळ कमी होईना, आणि सरांनी ‘ताकदीचं’ इंजेक्शन आणलं. पहिल्या वर्षी तिला ते काय आहे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वर्षी तिने विचारलं नाही. त्यानंतर ती बाही आपणच वर करायची. हे सांगायलाच हवं, कारण तीही ते नाकारत नाही.

एकोणतिसाव्या वर्षी चाचणीत पकडली गेली. चौकशीच्या आदल्या दिवशी सर घरी आले, चहा प्यायले आणि जाताना जिन्यात म्हणाले, “तुझी धाकटी बहीण माझ्याकडेच शिकतेय, विसरू नकोस.” दुसऱ्या दिवशी समितीपुढे त्यांनी डोळे पुसत सांगितलं की या मुलीने आपला विश्वासघात केला. तिने तोंड उघडलं नाही. चार वर्षांची बंदी झाली. त्याच महिन्यात तिच्या डाव्या पोटरीत रक्ताची गुठळी झाली. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनांनी रक्त इतकं दाट करून घेतलंत, छातीत अडकली असती तर इथे आला नसतात. तेव्हापासून ती लंगडते.

आईच्या मते थोरलीने घराचं नाक कापलं. कापलं, त्यात वाद नाही. पण सुरी ज्याची होती त्याच्याच हाती आईने धाकटीला राहू दिलं, आणि वर म्हणते, “सरांनी आपल्याला कुठून कुठे आणलं.” कुठे आणलं, हे विचारायची सोय नाही.

धाकटी आता एकवीस वर्षांची, देशाच्या संघाच्या उंबरठ्यावर. अशा खेळाडूंना दर तीन महिन्यांनी एक फॉर्म भरावा लागतो: रोजचा एक तास असा द्यायचा, की त्या तासाला तुम्ही ठरलेल्या जागी हमखास सापडाल. उत्तेजकांची चाचणी घेणारे तपासनीस एरवीही येऊ शकतात, पण बहुधा त्याच तासाला दार वाजवतात. धाकटीला असल्या कामांचा आळस. तिचा फॉर्म थोरलीच आपल्या फोनवरून भरायची.

एका रविवारी, पंखासुद्धा गरम वारा मारत होता अशा दुपारी, धाकटी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जेवायला बसली. थोरलीने तिची बाही कोपराच्या वर सारली. कोपराच्या आतल्या बाजूला चिमुकली गोल पट्टी होती. फ्रीजमध्ये दुधाच्या पिशव्यांमागे इंजेक्शनची डबी सापडली, सर थोरलीला द्यायचे तीच.

“माझी पोटरी बघितलीस ना?” थोरली म्हणाली.

“तू जास्त घेतलंस. सर आता थोडं थोडं देतात.”

“मलाही थोडंच द्यायचे.”

“तीन वर्षं घेतलंस तेव्हा गोड लागलं. आता माझी पाळी आली तर तुला खुपतंय.”

आई मध्ये पडली, ती अर्थातच धाकटीच्या बाजूने. “तुला तिचं काही बघवत नाही,” म्हणाली आणि डबी परत दुधामागे ठेवली.

थोरली मैदानावर गेली आणि सरांना म्हणाली, धाकटीला टोचणं थांबवा, नाहीतर मी सगळं सांगेन. सरांनी शिट्टी तोंडातून न काढताच ऐकून घेतलं, मग ती काढून म्हणाले, “बोल की कुणाकडे बोलायचं ते. औषध तुमच्या फ्रीजमध्ये आहे, माझ्या नाही.”

त्याच आठवड्यात नवा फॉर्म भरायचा होता. “तास संध्याकाळचा टाक, आठ ते नऊ,” धाकटी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली. “सरांनी सांगितलंय.” का सांगितलंय ते थोरलीला पाठ होतं. रात्री टोचलेलं सकाळी लघवीत दिसतं, संध्याकाळपर्यंत धुऊन जातं. तिने सकाळी सहा ते सात लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला.

हे तिने निव्वळ मायेपोटी केलं असं कुणी म्हणू नये. मागच्याच महिन्यात धाकटीने तिचा विक्रम मोडला होता. जळत होती ती. पण बहीण झोपेत मरेल ही भीती त्या जळण्याहून मोठी होती. रोज पहाटे ती धाकटीच्या दाराशी उभी राहून श्वास ऐकायची.

दहाव्या दिवशी सहा वाजून पाच मिनिटांनी बेल वाजली. दारात एक बाई आणि एक माणूस, गळ्यात ओळखपत्रं, हातात बंद पेटी. आई पुढे झाली. “ती घरी नाही हो. मैत्रिणीकडे गेलीये.”

“आहे,” थोरली मागून म्हणाली. “आत झोपलीये.”

धाकटी उठून आली. पेटी बघितली, घड्याळ बघितलं, मग बहिणीकडे बघितलं. बाईबरोबर न्हाणीघरात गेली, लघवीचा नमुना घेऊन आली, तो दोन बाटल्यांत ओतून टेबलाशी बसली. कागदावर एक रकाना होता: गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं. तिने त्यात न अडता लिहिलं, ‘बहिणीने टोचलेलं इंजेक्शन. काय होतं माहीत नाही.’ वाक्य पाठ केलेलं होतं, आणि ते कुणी पाठ करून घेतलं हे थोरलीला लगेच कळलं.

तपासनीस बाईंनी ते वाचून मान वर केली. “खरं आहे का हे?”

“खोटं आहे,” थोरली म्हणाली. “औषध सर देतात. आधी मला दिलं, आता हिला. माझं नाव घालून लिहून घ्या.” चार वर्षांत हे शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाले.

बाई आईकडे वळल्या. “तुम्ही घरातच असता. तुम्ही सांगा.”

आईने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, “थोरली खोटं बोलतेय. तिला सवयच आहे.”

बाईंनी तेही लिहिलं. धाकटीने सही केली आणि पेन थोरलीसमोर आपटलं. “संपवलंस ना मला?”

“हो,” थोरली म्हणाली.

तपासनीस बाईंनी दुसऱ्या बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. आता प्रयोगशाळेखेरीज ते कुणालाच उघडता येणार नव्हतं.