ओसरीवरचा माठ

माणसानं दिवसाला किती पाणी प्यावं, हे आता कुणीही सांगतं. शेजारीण सांगते, नातू सांगतो, औषधाच्या दुकानातला मुलगाही न विचारता सांगतो. मी ऐकून घेते. प्यायलेल्या पाण्याचं पुढे काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. त्यांना ते सांगायची गरज पडत नाही, हे नशीबच म्हणायचं.

पन्नासच्या दशकात मी लग्न होऊन थेरगावला आले. माहेर खडकीचं. वडील कारखान्यात, राहायला चाळ. संडास चाळीच्या टोकाला, घाणेरडा, पण दाराला आतून कडी होती. थेरगावात तसं काही नव्हतं आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नव्हतं. बायका झुंजूमुंजू व्हायच्या आत ओढ्याकडे जाऊन येत, नंतर एकदम दिवेलागणीनंतर. शेतात ज्वारी उभी असली की दिवसाही आडोसा मिळे. ती कापली की पावसाळ्यापर्यंत थेट नदीपर्यंत उघडं रान. न्हाणीचा दगड होता, तोही अंगणात, ओसरीच्या पुढ्यात. पाणी कमी प्यायला मला कुणी शिकवलं नाही. पहिले काही दिवस पोटात कळा काढल्या आणि आपोआप शिकले.

माझी थोरली जाऊ हे कितीतरी वर्षं करत आली होती. तिला उन्हाळी लागायची. लघवीला आग व्हायची, मग सासू धने-जिऱ्याचं पाणी द्यायची, ते ती घोटभर घ्यायची. त्या वर्षी ती पोटुशी होती. आधीचं एक बाळ सातव्या महिन्यातच गेलं होतं, त्यामुळे सगळं घर तिला जपत होतं. चैत्रात तिला थंडी वाजून ताप भरला आणि कंबर धरून ती बसली ती उठेचना. थोरल्या दिरांनी बैलगाडी जुंपली, सोबतीला मला घेतलं आणि आम्ही चिंचवडच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर प्रश्न तिला विचारत होते आणि उत्तरं दीर देत होते.

"पाणी पितात का भरपूर?"

"पिती की. घरात पान्याला काय तोटा न्हाई," दीर म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. जाऊ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, दिवसभरात चार तांबे तरी पाणी पोटात जायला हवं, नाहीतर ताप उलटेल आणि मग बाळाची खात्री नाही.

सासरे मनानं फार चांगले. त्यांनी लगेच बाजारातून नवा माठ आणला आणि ओसरीवर, स्वतःच्या बैठकीशेजारी ठेवला. सून डोळ्यांदेखत पाणी पिईल, हा त्यामागचा हिशेब. त्या ओसरीवर दिवसभर माणसं असायची. तंबाखू चालायची, पिंपरीकडच्या कारखान्यात कोण लागला, कुणाची जमीन गेली, असल्या गप्पा चालायच्या. त्यात आता आमच्या पाण्याची भर पडली. जाऊ दारात दिसली रे दिसली की सासरे विचारत, "पिलीस का गं पोरी?" मग शेजारचे म्हातारे, "पी, पी, डाक्टरनं सांगितलंय." चार दिवसांत सगळ्या आळीला माहीत झालं.

जाऊ माठातून तांबा भरून घेई, पदर पुढे ओढून आत येई आणि मागच्या खिडकीतून शेवग्याच्या बुंध्याशी ओतून देई. एकदा मी ते पाहिलं.

"बाई, हे काय करताय?"

"पिऊन जाऊ कुठं?" ती म्हणाली. "म्होरं ही समदी बसल्यात. रान बघ कसं न्हाव्यानं भादरल्यावानी झालंय." असं म्हणून ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. "ह्ये बी जाईल बघ माझं."

मला तिचा राग आला. नंतर मात्र तो सगळा त्या माठावर वळला.

आठवड्याभरात ताप उलटला. सासू जिभेनं तिखट, त्यात घाबरलेली. "चार तांबे पानी ढोसवंना व्हय तुला? कुनाच्या जिवाशी खेळतीस?" ती जाऊच्या अंथरुणाशी उभी राहून बोलत होती. मी सासूपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं, त्या दिवशी उघडलं.

"आत्याबाई, पाणी त्या पितील. पण दिवसा त्यांनी जायचं कुठं?"

"आमी न्हाई का दिस काढलं," असं सासू पुटपुटली, पण त्यात जोर नव्हता. बराच वेळ ती विझलेली चूल फुंकत बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं थोरल्या मुलाला गोठ्यामागे खड्डा खणायला लावला आणि भोवती कडब्याच्या पेंढ्या उभ्या बांधून घेतल्या. तीच कापलेली ज्वारी.

"जनावरांची वैरण हाय ती," सासरे म्हणाले.

"खातील थोडी कमी," सासू म्हणाली.

आडोसा झाला, पण तिकडे जायची वाट ओसरीसमोरूनच होती. जाऊ काही उंबरा ओलांडेना. मग ऐन दुपारी, ओसरी माणसांनी भरलेली असताना, सासू बाहेर आली. तिनं वापरायच्या पाण्याचा तांबा भरला, पदराखाली न लपवता हातात धरला आणि सगळ्यांच्या पुढून सावकाश चालत गोठ्यामागे गेली. कुणी कुणाकडे बघेना. सासरे कातरलेली सुपारी परत कातरू लागले. सासू परत आली, दगडावर हात धुतले, माणसं बसलेली असताना ओसरीवर चढली आणि माठातलं पाणी घटाघटा प्यायली. तिला दिवसाची अशी पाणी पिताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मग तिनं तांबा पुन्हा भरला आणि दारात उभ्या असलेल्या जाऊपुढे धरला. जाऊनं तो तिथेच उभ्यानं रिकामा केला.

श्रावणात तिला पुऱ्या दिवसांची मुलगी झाली. बारशाच्या आधी सासूनं तो कडबा काढून टाकला, तिथे पत्रे ठोकून घेतले आणि दाराला आतून कडी बसवून घेतली.