दोन कोअरची चिप
सोल्डरिंगच्या धुराचा वास आला की धारवाडच्या कॉलेजची लॅब आठवते. शेवटच्या वर्षी आमचा ग्रुप नाडीचे ठोके मोजून मोबाईलवर पाठवणारं यंत्र बनवत होता. पण मेसेज पाठवताना त्याचे एकदोन ठोके मोजायचे राहून जात. “दोन कोअरची चिप घेऊया, एक कोअर मोजेल, दुसरा पाठवेल,” असं मी दोनदा पुटपुटले. आमचा लीडर म्हणाला, “कोड नीट लिही की गं अक्का, बिचाऱ्या चिपला कशाला नावं ठेवतीस?” सगळे हसले. दुसऱ्या दिवशी चिपची ऑर्डर जाणार होती, त्यामुळे मला गप्प बसवेना. म्हटलं, “स्वतःची नाडी धर आणि मोठ्यानं मोज.” तो मोजायला लागला. मध्येच मी विचारलं, “ऊटा आयता? जेवलास का? डब्यात काय होतं?” “भाकरी, वांगी आणि शेंगाची चट...” तो थांबला. “अरे, किती झाले?” या वेळी सगळे त्याला हसले, आणि ऑर्डर दोन कोअरच्या चिपची गेली. आता ऑफिसच्या मीटिंगमध्ये कळतं की मलाही एकच कोअर आहे. समोरचा बोलत असेपर्यंत मी फक्त ऐकते. त्याचं संपलं की मात्र पुटपुटत नाही, बोलते.