हरण्याचा फोटो राहून गेला होता

रूपराव भाजीपाला पिकवतात, पण केळझरच्या आसपास त्यांना ओळखतात ते बैलांच्या फोटोंसाठी. लग्नाआधी वर्ध्याहून एक जुना कॅमेरा आणला, तेव्हापासून दर पोळ्याला सजवलेल्या जोड्यांचे फोटो काढायचे, हा त्यांचा नाद. रोलचे दिवस गेले, आता लेकीनं दिलेला डिजिटल कॅमेरा आहे. तरी बटण दाबायच्या आधी ते अजून तेवढेच थांबतात. माणसांचे फोटो का काढत नाही, असं विचारलं की म्हणतात, "माणूस कॅमेरा दिसला का दुसराच होते. बैल बैलच राह्यते."

गावातली प्रत्येक जोडी त्यांच्या अल्बमात आहे. नाही ती फक्त नत्थूजींची. फार वर्षांपूर्वी रूपरावांनी त्यांच्या एका बैलाचा फोटो काढला आणि आठवड्याभरात तो लंगडायला लागला. पुढे हरण्या आणि सरदार आले, पण त्यांच्याकडे कॅमेरा वळवायची सक्त मनाई. बाकी मैत्री पक्की.

यंदा नत्थूजींच्या मुलानं ट्रॅक्टर घेतला. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी जोडी हिंगणघाटकडच्या एका शेतकऱ्याकडे जाणार होती. फोटो आज झाला तर झाला.

पोळ्याच्या संध्याकाळी वेशीवरचं तोरण तुटलं आणि बैल दारोदार पूजेला निघाले. नत्थूजी हरण्या-सरदारला घेऊन रूपरावांच्या अंगणात आले. रूपरावांच्या बायकोनं, शालूबाईंनी, त्यांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली. रूपराव दोन्ही हात पाठीमागं धरून उभे.

"मांगं काय लपवून राह्यला बे?" नत्थूजींनी विचारलं.

"काई नाई."

"काई नाई तं सामने आण."

शालूबाई मध्ये पडल्या. "भाऊजी, सकाळपासून यायच्या पोटात घास नाई गेला. काढू द्या ना एक फोटो."

"अन् उद्या याचा पाय गेला तं? घेणाऱ्याले काय सांगू?"

"तवा पाय गोट्यानं गेलता, नत्थू," रूपराव म्हणाले. "तूच तं काढला गोटा खुरातून."

"गोटा आला कुठून पण? नजरेनंच ना!"

शालूबाई आत गेल्या, मूठभर मीठ-मोहरी घेऊन आल्या. बैलांवरून ओवाळली, मग कॅमेऱ्यावरून, आणि उरलेली नवऱ्यावरून. "घ्या. आता झालं?"

"मी सामने उभा राहीन," नत्थूजी म्हणाले. "नजर आधी माह्यावर पडू दे."

आणि ते खरंच बैलांपुढे हात पसरून उभे राहिले. रूपरावांनी फोटो काढला, दाखवला. पडद्यावर टोपीसकट अख्खे नत्थूजी. मागे दोन शिंगं आणि अर्धा कान.

"हे काय बे? हरण्या कुठं हाये?"

"तुह्या मांगं."

"एवढं काम केलेला बैल, अन् त्याचा अर्धा कान ठेवतो?"

हा अपमान त्यांना नजरेपेक्षा भारी वाटला. ते बाजूला झाले, पार कुंपणापाशी गेले.

रूपराव गुडघ्यावर बसले. झूल, बेगड, सगळं नीट चौकटीत आलं. पण बैल समोर बघेनात. दोघांनीही माना कुंपणाकडे वळवल्या. शालूबाईंनी पुरणपोळी दाखवली, हाका मारल्या, माना तिकडेच.

"मी येऊ का तिकडं?" नत्थूजींनी हळूच विचारलं.

रूपराव बराच वेळ कॅमेऱ्यातून बघत होते.

"नको," ते म्हणाले. "तू तिथंच राह्य." आणि बटण दाबलं.