मोठ्यानं वाचलेला नकाशा

आमच्या शाळेनं मुलींचं वसतिगृह बांधायला काढलं, तेव्हा बांधकाम समितीत एक तरी बाई हवी असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. शाळेत बाई मी एकटीच, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि विटा-सिमेंटमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की घरी जाऊन ताणून द्यायची सोडून मिटिंगला बसायचं, म्हणून मी धुसफुसतच जायचे.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार. कोपरगाव तालुक्यातलं गाव, चहूकडे ऊस आणि पायाला हात घातला की खोलवर नुसती काळी माती. नकाशा काढणारे आर्किटेक्ट नगरहून एसटीनं यायचे. नकाशा काढणारा एकीकडे, बांधणारा दुसरीकडे, राहणारी माणसं तिसरीकडे आणि इमारत उभी राहिली की सगळे एकमेकांच्या नावानं बोटं मोडतात, याला ते कंटाळले होते. म्हणून दर शनिवारी आर्किटेक्ट, ओव्हरसियर, मिस्त्री, सुतार आणि मी असे पाच जण वाळूच्या ढिगाशी बसायचो. पाचांनी मान हलवल्याशिवाय एक वीटही हलवायची नाही, असा त्यांचा दंडक होता.

सुरुवातीला नुसती भांडणं झाली. पोरींनी ओले कपडे वाळत कुठे घालायचे, यावर मी सगळ्यांचं डोकं खाल्लं. सुतार खिडक्यांसाठी अडून बसला. शेवटी सगळे मिस्त्रींकडे बघायचे. साठीकडे झुकलेला धिप्पाड माणूस, डोक्याला पांढरा पटका, आणि त्या भागातल्या निम्म्या शाळा-चावड्या त्यांच्या हाताखाली उठलेल्या. ते बोलले की वाद मिटायचा.

एका शनिवारी आर्किटेक्टनी नकाशा त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो उलटा धरून मान डोलावली. बाकीचे चहा ओतण्यात गुंतले होते. मी मात्र ते पाहिलं. माझ्या वडिलांना मोतीबिंदू झाला होता. उजेडाकडे तोंड तिरकं करणं, कपबशी चाचपत उचलणं, हे सगळं मी घरात पाहिलेलं होतं, आणि मिस्त्री आता तेच करत होते. मिस्त्रींना दिसत नव्हतं, आणि ते कळलं असतं तर शाळेनं त्यांना दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं असतं. काम गेलं तर हा माणूस खचेल, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

मग मी एक सोंग घेतलं. मला नकाशा समजत नाही, मी मोठ्यानं वाचते, चुकलं तर सांगा, असं म्हणून दर शनिवारी वर्गातल्या खणखणीत आवाजात अख्खा नकाशा वाचायला लागले. कुठली भिंत किती लांब, खिडकी कुणीकडे, मोरीचं पाणी कुठून जाणार, सगळं. कुणी हसलं नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

कारण हळूहळू सगळेच चमत्कारिक वागायला लागले. आपलं काम वाकडं असू शकतं हे ज्यानं जन्मात कबूल केलं नव्हतं, तो सुतार प्रत्येक चौकटीला म्हणायचा की माझंच काही चुकलं असेल, ओळंबा लावून बघू. ओव्हरसियरनं ऑफिसचा एक नवाच नियम काढला की आखणीची प्रत्येक दोरी दोघांनी तपासायची. असला नियम कुठल्याही ऑफिसात नसणार. आर्किटेक्टचे नकाशे ठळक शाईत, हातभर मोठे यायला लागले. आपल्या एकट्यालाच माहीत आहे आणि बाकीच्यांना कळलं तर मिस्त्रींची धडगत नाही, अशी प्रत्येकाची खात्री! या लपवालपवीत मिटिंग दिवेलागणीपर्यंत लांबायची. पण त्यामुळे अख्खी इमारत आम्हा सगळ्यांना तोंडपाठ झाली. मोरीचा उतार सुताराला ठाऊक आणि पोरींच्या कपड्यांच्या दोऱ्या ओव्हरसियरला. पुढे मी पुष्कळ समित्यांवर बसले, पण एकमेकांचं काम इतकं जाणणारी माणसं मला परत भेटली नाहीत. त्या शनिवारांची मला अजून आठवण येते.

स्लॅबच्या आधीचा शनिवार आला. सळ्या बांधून तयार होत्या. सोमवारी स्लॅब टाकू या ना, असं आर्किटेक्टनी विचारलं. मिस्त्रींनी मान हलवली नाही.

"मला दिसत न्हाई," ते म्हणाले. "तुमाला समद्यांना ठावं हाय आन् तुमी समदे झाकताय, ते बी मला ठावं हाय. भितीला हात लावून कळतं, म्हनून मी बी गप बसलो. पन ह्या सळ्या डोळ्यानंच बघाया पायजेत. खाली पोरी निजायच्या हायेत. आता दुसरा मिस्त्री आना."

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्या वेळी आम्हाला एकमेकांचं सोंग कळलं. सुतार तर माझ्याकडे बघतच राहिला.

"दुसरा मिस्त्री येणार नाही," आर्किटेक्ट म्हणाले. "बघायला आम्ही आहोत. तुम्ही फक्त काय बघायचं ते सांगा." मग माझ्याकडे वळून त्यांनी वाचायला सांगितलं.

मी वाचत गेले. ओव्हरसियर आणि सुतार फळ्यांवर चढून एकेक गाठ बघत होते, खाली ओरडून सांगत होते, आणि मिस्त्री ऐकून सांगत होते की आता पुढं सरका. व्हरांड्याच्या कोपऱ्यात सळ्या आखूड पडलेल्या सापडल्या. त्या बदलल्यावरच मिस्त्रींनी होकार दिला. सोमवारी स्लॅब टाकला, आणि त्याच आठवड्यात सुतारानं त्यांना धरून नगरला डोळ्यांच्या ऑपरेशनला नेलं. चुकवायची सोयच ठेवली नाही.

ते परत आले तेव्हा भिंतींना चुना लागला होता. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता. ते अंगणात उभे राहून कितीतरी वेळ इमारत बघत राहिले. आम्ही निकालाच्या दिवशीच्या पोरांसारखे मागे उभे होतो. मला कुठला दम निघायला? मी म्हटलं, मिस्त्री, बोला की, कसं झालंय?

आवाज ऐकून ते वळले. आधी माझ्या मागं कुणी आहे का ते त्यांनी पाहिलं. मग माझ्याकडे निरखून बघत जवळ आले.

"बाई, तुमी व्हय त्या?" ते म्हणाले. "आवाजावरनं मी तुमाला माझ्या थोरल्या भनीच्या वयाच्या धरलं हुतं. एवढ्याशा पोरीच्या भरवशावर मी भिती उचलल्या व्हय?"

सुतार आणि ओव्हरसियर पोट धरून हसायला लागले. मी चिडून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी रडूच आलं.